भट्टीतून वाचलेली चांदी

मार्च 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपट गाजत असताना बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात गावकऱ्यांच्या झुंडी रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होत्या. चित्रपटामुळे मोगलांचा खजिना तिथे पुरला आहे, अशी बोलवा पसरली होती. गरिबाने सोन्याचं स्वप्न पाहिलं म्हणून त्याला हसणं मला मान्य नाही. पण त्या खणण्यात काय हरवतं, हे सांगायलाच हवं.

बुऱ्हाणपूरची श्रीमंती खरीच होती. 1681 मध्ये मराठ्यांचे सरनोबत हंबीरराव मोहित्यांनी या शहराचं बहादूरपुरा हे उपनगर लुटलं, ते उगाच नव्हे. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, पोलंडपर्यंत जात असल्याची नोंद फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएने केली आहे. अशा मालाच्या बदल्यात परदेशी चांदी हिंदुस्थानात येई. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणींतली चांदी स्पॅनिश रियाल होऊन सुरतेला उतरे. मोगली मुलखात परकं नाणं बाजारात चालत नसे. सराफ ते टांकसाळीत नेत, तिथे ते वितळे आणि त्याचा रुपया होई. अकबराच्या काळापासून बुऱ्हाणपुरातही टांकसाळ होती. तिथल्या फारसी अक्षरांच्या रुपयात अमेरिकेतली चांदी असू शकते.

म्हणूनच मूळ रूपात सापडणारं परदेशी नाणं मोलाचं. मोगली मुलखाबाहेर, कोकणात इराणच्या लार शहराच्या नावाची, वाकवलेल्या चांदीच्या तारेची लारी चाले. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने तर स्वतःच्या लारी पाडल्या. पर्शियन आखाताशी असलेला कोकणचा व्यापार त्या तारेत हातात धरता येतो.

मात्र सुटं नाणं अर्धंच बोलतं. ते कोणत्या शेतात, किती खोल, कोणत्या मडक्यात, कुठल्या नाण्यांसोबत होतं, यावरून ते कधी आणि का पुरलं गेलं हे कळतं. रात्रीच्या कुदळीने हा पुरावा कायमचा जातो.

सापडलेलं लपवायचीही गरज नाही. 1878 चा निखात निधी, म्हणजे पुरलेल्या ठेव्याचा, कायदा शोधणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. सरकारने तो घेतला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. पण गावात हे सांगतं कोण? बुऱ्हाणपूरच्या प्रशासनाने हा कायदा ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि मोबदला वेळेत द्यावा. शेतकरी बांधवांनो, नांगराला नाणी लागली, तर ती घासू नका, सोनाराकडे नेऊ नका. जागा तशीच ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा.