एक भिंत त्यांच्यासाठी

काही दिवसांपूर्वी एक आजी आपल्या सात महिन्यांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळाचे वजन, वाढ, लसीकरण सारे यथास्थित होते. तक्रार एकच : "डॉक्टर, पोर खापऱ्यासारखे काळे झाले हो!" गोरेपणासाठी चेहऱ्याला लावले जाणारे मलम त्यांनी पिशवीतून काढून दाखविले. ते स्टेरॉइडचे होते. ते तत्काळ बंद करविले. मलमावर इलाज सोपा होता. 'खापरी' या शब्दावरचा इलाज मात्र माझ्या चिठ्ठीत लिहिता येण्याजोगा नव्हता.

खापरी म्हणजे आफ्रिकेतून आणलेला माणूस. पोर्तुगीज राजवटीत मोझांबिककडून आफ्रिकी स्त्री-पुरुष आणि मुले गुलाम म्हणून गोव्यात आणली गेली. जुन्या गोव्याच्या हमरस्त्यावर त्यांचा लिलाव होत असे. 1608 मध्ये गोव्यात आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल तेथील राजेशाही इस्पितळात रुग्ण म्हणून राहिला. त्याने इस्पितळाच्या व्यवस्थेची मनापासून प्रशंसा केली आणि माणसांच्या बाजाराचेही वर्णन लिहून ठेवले. उत्तम शुश्रूषा आणि माणसांची विक्री एकाच शहरात शेजारी शेजारी नांदत होती, हे आपण डॉक्टरांनी तरी विसरू नये.

पोर्तुगीज साम्राज्यातील गुलामगिरी 1869 च्या फर्मानाने रद्द ठरली. गोव्यातून निसटलेल्या अनेकांचे वंशज आज उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ परिसरात सिद्दी म्हणून राहतात. त्यांच्या घरांतून आजही कोकणी बोलली जाते. 2003 मध्ये त्यांना तेथे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2020 मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले. त्यांची भाषा आपल्या भूमीची साक्ष देते. आपल्या भूमीवर मात्र त्यांची खूण शोधावी लागते.

कोणी म्हणेल, हा जुन्या काबिजादीचा इतिहास. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेले, आमचा त्याच्याशी संबंध काय? परंतु शब्द आणि पूर्वग्रह तालुक्याच्या सीमा जाणत नाहीत. 2013 मध्ये पर्रा येथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाल्यानंतर त्याच्या देशबांधवांची तुलना जाहीरपणे कर्करोगाशी करण्यात आली. रोगाचे नाव माणसांना चिकटविले जाते, तेव्हा त्याला पहिली हरकत वैद्यकाने घ्यावयास हवी. शिवाय 1842 मध्ये पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचे कित्येक पदवीधर पोर्तुगीज आफ्रिकेत नोकरीस गेले. त्या भूमीचे अन्न आपल्या व्यवसायबंधूंनी खाल्ले आहे.

अमेरिकेतील अनेक गावांनी आपल्या कृष्णवर्णीय रहिवाशांचा इतिहास सार्वजनिक भिंतींवर रंगविला आहे. आपल्याकडे तर कावी कलेची स्वतःची परंपरा आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर देऊन तो कोरावयाचा, म्हणजे आतले पांढरे चित्र प्रकटते. झाकलेले उघड करणारी ही कला या कामास साजेशी आहे. पेडणे किंवा डिचोली येथील एखाद्या शाळेची भिंत यासाठी मिळवावी आणि खर्चाचा वाटा आपल्या संघटनेने उचलावा, असे मी सुचवितो. मात्र चित्रात काय असावे, हे सिद्दी बांधवांना विचारून ठरवावे. केवळ साखळदंड नकोत; त्यांचे श्रम, त्यांचे ढोल, त्यांच्या मांडीवरची मुले दिसावीत.

एका चित्राने पूर्वग्रह जाईल, अशी माझी भाबडी समजूत नाही. लसीचा एक डोसही पुरत नाही, तरी आपण पहिला डोस टाळत नाही. ती नात तीन-चार वर्षांत शाळेत जाऊ लागेल. 'खापरी' हा शब्द तिच्या कानी पडेलच. तो शिवी म्हणून पडण्याआधी, आपल्यासारख्याच वर्णाची आणि ताठ मानेची माणसे तिने त्या भिंतीवर पाहिलेली असावीत, एवढीच इच्छा आहे.