विहिरीवरील मोटार आणि विजेचा हिशेब



सातबाराच्या उताऱ्यावर पिकाची नोंद चुकली तर आपण तलाठ्याच्या कचेरींत खेटे घालतों. चार गुंठ्यांच्या फरकासाठीं मोजणी मागवितों. परंतु ज्या मोटारीच्या जोरावर तें पीक उभें आहे, ती वीज किती ओढते असें विचारलें असतां बहुतेकांचें उत्तर ‘पांचची आहे’ एवढेंच येतें. ‘पांचची’ हें पाटीवरचें नांव झालें. ती मोजणी नव्हे. प्रस्तुत लेखक विजेचा जाणकार नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला, मराठी शाळेंत शिकलेला मनुष्य आहे. तथापि हा हिशेब त्रैराशिकाहून फारसा अवघड नाहीं, व तो प्रत्येक बागायतदारास आला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विजेचा दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपिअरांत व रोध ओहमांत. जर्मन पंडित गेऑर्ग ओहम यानें १८२७ सालीं यांचें नातें प्रसिद्ध केलें. दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध निघतो. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ती, अर्थात् वॅट, मिळते. हजार वॅट एक तास चालले कीं एक युनिट. घरांतील पाणी तापविण्याची कांडी २३० व्होल्टांवर ४.३५ अँपिअर घेत असेल, तर तिची शक्ती १,००० वॅट व रोध सुमारें ५३ ओहम. दाब १८४ व्होल्टांवर उतरला तर रोध जवळजवळ तोच राहतो, प्रवाह साडेतीन अँपिअरांच्या आंत येतो व शक्ती ६४० वॅट उरते. पाणी उशिरां तापतें, कांडीचें नुकसान कांहीं नाहीं.

या कांडीवरूनच लोक मोटारीविषयीं समजूत करून घेतात कीं, ‘वीज कमी आली, मोटार हळू चालेल, इतकेंच.’ ही समजूत घातक आहे. मोटार फिरूं लागली म्हणजे तिच्या पोटांत उलट दाब उत्पन्न होतो, म्हणून चालत्या मोटारीच्या दाबास प्रवाहानें भागून तिच्या गुंडाळीचा रोध मिळत नाहीं. शिवाय पाणी उचलण्याचा भार जवळजवळ तसाच राहिल्यामुळें, दाब घटला कीं ती अधिक प्रवाह ओढून तें काम पुरें करूं पाहते. तीन फेजांच्या मोटारीची शक्ती काढतांना दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास १.७३ नें व पुन्हां पॉवर फॅक्टरनें गुणावें. तो साधारणतः ०.८ धरण्यास हरकत नाहीं. ४०० व्होल्ट व ८ अँपिअर असतां सुमारें ४,४३० वॅट येतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे पांच अश्वशक्तींचे ३,७३० वॅट कामीं आले व बाकीचे घर्षणांत आणि उष्णतेंत गेले. आतां दाब ३२० वर उतरला तर त्याच कामास १० अँपिअर लागतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते: आठ आठे चौसष्ट, दाहे दाहे शंभर. गुंडाळींत दीडपटीहून अधिक उष्णता झाली! मोटार जळते ती येथें. दैवास बोल लावण्याचें कारण नाहीं. पंपांत गाळ बसून मोटार अडकली तर प्रवाह कित्येक पट चढतो, मग विचारावयासच नको.

पारनेर, पाथर्डी, कर्जतकडे बोअर खोल आणि डीपी दूर. तीनशें मीटर केबल अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर प्रत्येक तारेचा रोध सुमारें २.२ ओहम भरतो. आठ अँपिअरांस तीन तारांत मिळून चारशें वीस वॅट नुसत्या तारेंतच जिरतात. सहा चौरस मिलिमीटरची तार घातली तर तोच आंकडा पावणेदोनशेंच्या आसपास येतो. केबल घेतांना शंभर रुपयांसाठीं घासाघीस करणारा मनुष्य हा हिशेब करीत नाहीं, याचें नवल वाटतें.

कोणी म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस पांच वर्षें वीज मोफत केली आहे, मग मोजून काय करावयाचें? बिल माफ झालें, मोटार भरून आणण्याचा खर्च माफ झालेला नाहीं. आणि डीपी तर सर्वांची सामाईक. ६३ केव्हीएची डीपी घ्या. आठ अँपिअरांच्या मोटारीस साडेपांच केव्हीए लागतात, म्हणजे तीवर अकरा मोटारी चालतील. परंतु कागदावर पांच आणि आंत साडेसातची भरलेली मोटार बारा अँपिअर ओढते; तशा मोटारी सातच बसतात. आठवी चालू झाली कीं डीपीवर बोजा, आणि ती जळाली कीं नवी येईपर्यंत ऐन भरांतलें पीक उन्हांत. प्रामाणिक शेतकऱ्याचेंही. हा उघड अन्याय आहे व तो आपणच एकमेकांवर करीत आहों. (येथें आंकडा म्हणजे संख्या, तारेवर टाकावयाचा नव्हे, हें सांगावें लागतें ही खेदाची गोष्ट!)

आपला हा जिल्हा, जो २०२४ पासून अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो, तेथें श्रीरामपूर येथील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनें २०११ पर्यंत गांवोगांव वीज पुरविली. वीज वांटण्याचें काम सहकारानें पेललें, त्या मुलखांत वीज मोजण्याचें काम जड वाटूं नये. प्रत्येक डीपीवरील शेतकऱ्यांनीं वर्गणी करून एक क्लॅम्प मीटर घ्यावें. वायरमनच्या देखरेखीखालीं तें एकेका तारेभोंवतीं धरून, स्टार्टरवरील व्होल्टमीटरच्या आंकड्यासह, महिन्यांतून एकदां वहींत लिहावें. उघड्या तारेस कोणीं हात लावूं नये. तिन्ही तारांचे अँपिअर जवळजवळ सारखे हवेत. दोन आठावर व तिसरी अकरावर दिसली तर त्या दिवशीं भिजवण थांबवून आधीं जोडण्या, फेजांचा दाब व केबल तपासून घ्यावी.