चॅटबॉटला तुमचं मन कळतं का?

“डॉक्टर, माझं मन त्या मोबाइलमधल्या चॅटबॉटलाच कळतं.” हे वाक्य हल्ली तपासणीच्या खोलीत ऐकू येतं. ऐकून घ्यायला माणूस मिळत नाही, हे त्यातलं दुःख खरं आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वाइझेनबाम यांनी ‘एलिझा’ नावाचा प्रोग्रॅम बनवला आणि १९६६ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करायचा. तुम्ही ‘आई’ लिहिलंत की ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’ असं म्हणायचा. शब्द पकडायचा, ठरलेलं वाक्य फेकायचा. समजत काहीच नव्हतं. तरीही वाइझेनबाम यांच्या सेक्रेटरीने थोड्याच वेळात त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला त्याच्याशी एकांतात बोलायचं होतं! तो प्रोग्रॅम तयार होताना तिने स्वतः पाहिला होता. आपल्याला कुणीतरी समजून घेतंय ही भावना यंत्रात नव्हती, तिच्या मनात होती.

आजचे चॅटबॉट एलिझाच्या कितीतरी पुढे आहेत, मान्य. त्यांना खरंच ‘कळतं’ का, यावर तत्त्वज्ञ वाद घालत आहेत, घालू द्या. माझा आक्षेप वेगळा आहे. समजून घेणं म्हणजे फक्त गोड उत्तर देणं नव्हे, जबाबदारी घेणं. सतत उदास, थकल्यासारखं वाटतं? कारण थायरॉइडही असू शकतं. तुमची नाडी, हातांची थरथर, सुजलेला चेहरा हे टाइप केलेल्या मजकुरात दिसत नाही. आणि रात्री दोन वाजता तुम्ही जगणं नको म्हणालात, तर ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायला हवं. त्याने उठून तुमचं दार वाजवायला हवं.

चॅटबॉट जरूर वापरा. मनातलं लिहून काढायला, डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी करायला तो उपयोगी आहे. पण दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलं असेल, तर तोच मजकूर डॉक्टरांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर थांबूच नका. घरातल्या कुणालातरी उठवा किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

तिकडे फोन माणूस उचलतो.