मोटारीच्या चाकाची कुरकुर



चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याला चाकाच्या आवाजाचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की आस कोरडा पडला, वंगण घातले पाहिजे, हे घरातले लहान पोरही जाणते. धाव सैल होऊन खडखडू लागली की गाडी लोहाराकडे न्यावी लागते, हेही त्यास ठाऊक असते. परंतु त्याच अंगणात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीच्या चाकातून घरघर येऊ लागली, म्हणजे आपण काचा वर करतो आणि म्हणतो, “जुनी गाडी आहे, आवाज करणारच!” हे म्हणणे बरोबर नव्हे. जुनी गाडीही नीट राखली तर शांतपणे धावते. नवा आवाज आला, म्हणजे काहीतरी नवे बिघडले आहे, असेच समजावे.

अॅम्बॅसडर गाडी १९५८ पासून २०१४ पर्यंत आपल्या देशात तयार होत होती. मारुती ८०० ही १९८३ ते २०१४ या काळात निघाली. अशा गाड्या आजही कित्येक कुटुंबांनी जपून ठेवल्या आहेत. रात्री-अपरात्री आजाऱ्याला बेळगावला किंवा कोल्हापूरला न्यायचे, तर हीच गाडी कामास येते. निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदीचा घाट लागतो; उसाच्या हंगामात रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्यांची रांग असते. अशा ठिकाणी चाक जाम झाले किंवा निखळले, तर काय होईल याचा विचार घरच्या कर्त्या माणसाने आधीच केला पाहिजे.

प्रथम आवाज चाकाचा की इंजिनाचा, हे ठरवावे. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी बेताच्या वेगात असता क्षणभर गिअर न्यूट्रलमध्ये घालावा. इंजिन मंद झाले तरी आवाज गाडीच्या वेगाप्रमाणेच चालू राहिला, तर तो बहुधा चाकांकडचा होय. ही परीक्षा उतारावर करू नये, आणि चालत्या गाडीची किल्ली तर कधीही बंद करू नये. तसे केल्यास सुकाणू अडकण्याचा व ब्रेक जड होण्याचा धोका असतो.

आता टायरकडे वळू. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच, म्हणजे खडबडीत डांबरावरून गुळगुळीत रस्त्यावर येताच, आवाजही बदलला, तर संशय टायरवर घ्यावा. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे व एकदा मागे फिरवावा. तारा बाहेर आलेल्या दिसल्यास मात्र हात लावू नये. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांची अलाइनमेंट बिघडली असावी. ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर थकले असण्याचा संभव आहे. पुढचे टायर मागे व मागचे पुढे घातल्यावर आवाजाची जागाही बदलली, तर दोष टायरचाच ठरतो. मात्र टायरच्या अंगाला फुगवटा आला असेल, तर ती गाडी पुढे नेऊ नये. आतले धागे तुटलेले असतात आणि टायर केव्हाही फुटू शकतो.

टायरचे वयही पाहावे. बाजूवर चार अंकांचा शिक्का असतो. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी वापराच्या गाडीचे टायर वरून धडधाकट दिसले, तरी रबर वाळून त्यास बारीक भेगा पडतात. तसेच नक्षीच्या चरांमध्ये लहान आडव्या उंचवट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली, म्हणजे केवळ १.६ मिलिमीटर उरली असे जाणावे व टायर बदलावा.

तिसरी गोष्ट बेअरिंगची. बैलगाडीच्या तुंब्यात आसावर चाक फिरण्याची जी जागा, तीच मोटारीत बेअरिंगची. पोलादी गोळ्या किंवा रूळ ग्रीसमध्ये फिरतात आणि गाडीचा सारा भार वाहतात. पावसाळ्यात दूधगंगा-वेदगंगेच्या काठी रस्त्यावर पाणी येते. त्यातून गाडी वारंवार नेली, तर पाणी व गाळ आत शिरून ग्रीस खराब होते, गोळ्यांवर खड्डे पडतात. मग प्रथम भुंग्यासारखी गुणगुण येते, वेगाबरोबर वाढते आणि पुढे तिची घरघर होते. रस्ता बदलला तरी हा आवाज फारसा बदलत नाही. वळणावर मात्र बदलतो. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर दोष बहुधा उजव्या बाजूस असतो. उजवीकडे वळताना वाढला, तर डाव्या बाजूस.

खात्री करण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांना दगड लावावेत आणि संशयित चाक जॅकवर उचलावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. चाक वर व खाली धरून हलवून पाहावे. हिसका जाणवला, तर बेअरिंग सैल झाले असावे. डाव्या-उजव्या कडांना धरून पुढचे चाक हलवल्यावरच हिसका आला, तर सुकाणूचे सांधे पाहावेत. चाक हाताने फिरवताना खरखर लागली, तर ते मिस्त्रीकडे नेण्यास विलंब करू नये. कित्येक जुन्या गाड्यांत बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून, नट बेताने आवळता येतो. बंद पद्धतीचे असेल, तर ते बदलावेच लागते.

आणखी काही आवाज थोडक्यात सांगतो. चाकाच्या फेऱ्याबरोबर टक टक होत असेल, तर नक्षीत खडा अडकला आहे काय ते पाहावे. मारुतीसारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत सुकाणू पूर्ण वळवल्यावरच कट कट आवाज आला, तर पुढच्या आसाचा सांधा झिजला आहे. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखे वाटले, तर ब्रेकचे अस्तर संपले आहे. काळ्या मातीचा चिखल रिमच्या आत वाळून बसला, तरी चाक थरथरते; तेथे पाण्याने धुणे एवढाच उपाय पुरतो.

सर्वांत घातक आवाज सैल नटांचा. ठक ठक होऊन सुकाणू डगमगू लागला, तर गाडी हळूहळू कडेला घ्यावी व तेथेच पाना लावावा. नट गोल क्रमाने नव्हे, तर समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. पंक्चर काढून चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरांनी ते पुन्हा तपासावेत. नटांची भोके लांबट झाली असतील, तर ते रिम पुन्हा वापरू नये.

शेवटी एवढेच सांगणे. फुगलेला टायर, सैल नट, घासणारा ब्रेक, आणि प्रवासानंतर इतर चाकांहून फार तापलेले व जळका वास देणारे चाक, या चार प्रसंगी गाडी जागची हलवू नये. नुसती गुणगुण असेल, तर त्याच आठवड्यात मिस्त्रीला दाखवावी, लांबचा प्रवास तोवर पुढे ढकलावा आणि बदललेला जुना भाग आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावा. मिस्त्रीला नुसते “आवाज येतो” असे न सांगता कोणत्या वेगाला, कोणत्या वळणावर, ब्रेक दाबता की सोडता, हे सांगावे. त्यामुळे त्याचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही. गाडी चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्याकडे असते. मागे बसलेल्या गृहिणीच्या किंवा मुलांच्या कानी असा आवाज आधी पडण्याचा संभव अधिक. त्यांनी तो सांगितला, तर त्यांना गप्प करू नये. गाडी थांबवावी व उतरून पाहावे.