रुखरुखीला ‘टेन्शन’ म्हणू नये

शीळफाट्यावरचा खोळंबा ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांना नव्याने सांगायला नको. कल्याण-शीळ रस्ता आणि मुंब्रा-पनवेल रस्ता तिथे एकमेकांना भेटतात आणि माणसे मात्र घरच्यांना भेटायची राहून जातात. अशा वेळी मनात जे दाटून येते, त्याला नाव काय? राग तर असतोच. पण घर हाकेच्या अंतरावर आले असताना पोहोचता येत नाही, याची म्हणून एक निराळी भावना असते. तिला ‘शीळफाटा’च म्हणावे, असे कुणी सुचवले तर हसण्यावारी नेऊ नये. डग्लस ॲडम्स आणि जॉन लॉइड यांनी १९८३ साली ‘द मीनिंग ऑफ लिफ’ या पुस्तकात हाच उद्योग केला. नकाशावरची गावांची नावे उचलायची आणि ज्या अनुभवांना इंग्रजीत शब्द नाही, त्यांना ती बहाल करायची!

ती झाली गंमत. जॉन कोनिग यांनी मात्र हे काम गांभीर्याने घेतले. अनाम भावनांसाठी ते २००९ पासून शब्द घडवीत आले. २०२१ साली त्यांचा कोश पुस्तकरूपाने निघाला. रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाला आपल्याइतकेच भरलेले आयुष्य आहे, ही अकस्मात होणारी जाणीव म्हणजे त्यांचा ‘सॉन्डर’.

इंग्रजीला ही उसनवारी करावी लागते. आपले घर मात्र भरलेले आहे. लोकल डोळ्यांदेखत सुटली, तर लागते ती चुटपुट. आजारी मावशीला भेटायचे राहिले आणि ती गेली, तर उरते ती रुखरुख. परक्याच्या नुकसानीने वाटते ती हळहळ. जावे की राहावे हे ठरत नाही, तेव्हा होते ती घालमेल आणि कातरवेळी कारणावाचून दाटते ती हुरहूर. हे शब्द कुठल्या समितीने घडविलेले नाहीत. मनातली हालचाल कानाला जशी जाणवली, तशी ती जिभेवर आली. म्हणूनच त्यांत अक्षरे पुन्हापुन्हा येतात, मनातली बोच येते तशीच.

शब्द घडविण्याचा वारसाही आपल्याला आहे. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द सावरकरांनी दिले. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने कारभाराची परिभाषा सिद्ध केली. पण महापौर बोटाने दाखविता येतो, रुखरुख दाखविता येत नाही. ती कुणीतरी आपल्यादेखत अनुभवावी आणि त्याच क्षणी तिचे नाव उच्चारावे, तेव्हाच ऐकणाऱ्याला कळते.

नेमके हेच आज घराघरांतून थांबत चालले आहे. परीक्षेची भीती, मैत्रिणीचा अबोला, आजोबांचे आजारपण, सगळ्याला एकच शब्द: ‘टेन्शन’. आणि टेन्शनवर उत्तरही एकच: ‘घेऊ नकोस!’ चुटपुट दोन दिवसांत विरते, तिला सोडून द्यावे. रुखरुख मात्र काही मागत असते: एखादे पत्र, एखादी भेट, एखादी क्षमा. नावच पुसले गेले, तर उपाय कसा सुचणार? लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधनही हेच सुचविते की, ज्यांना आपल्या त्रासदायक भावनांमधले बारकावे वेगळे ओळखता येतात, ते त्या भावनांना अधिक चांगले आवर घालू शकतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण कोणताही शासननिर्णय ‘हुरहूर’ हा शब्द मुलाच्या ओठी आणू शकत नाही; ते काम आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे. उद्या मूल म्हणाले, ‘मला टेन्शन आलंय’, तर जवळ बसवून एवढेच विचारावे: ‘भीती वाटतेय, की रुखरुख लागलीय?’ आणि दोन्हींत बसणारे नसेल, तर दोघांनी मिळून नवा शब्द खुशाल घडवावा. भाषा अशीच वाढत आली आहे.