वहीतला राजगड
भोर-वेल्ह्यातून पुण्याच्या पेठांत अभ्यासाला गेलेली मुलं चालू घडामोडींच्या वहीत लिहून घेतात: ११ जुलै २०२५, युनेस्को, मराठा लष्करी भूप्रदेश, १२ किल्ले, भारताचं ४४वं जागतिक वारसास्थळ. त्या बारांत आपला राजगड आहे. वेल्हे तालुक्याला त्याचंच नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. पोरांनो, पाठ करण्याआधी एकदा गुंजवण्यातून गड चढा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आणि मधोमध बालेकिल्ला पाहिला, की डोंगराच्या सोंडांनाच तटबंदी घालणं म्हणजे काय ते कळतं. मग यादीतला एकटा जिंजी तमिळनाडूत कसा, हेही विचारावंसं वाटेल. (राजाराम महाराजांनी तिथूनच राज्य चालवलं.) समोरचा तोरणा मात्र त्या बारांत नाही.