उभ्या झाडाचा मोबदला

डोंगरावरचं रान म्हणजे सरकारचं, असा बाहेरच्या मंडळींचा समज असतो. आमच्या मुरुडजवळचं फणसाड सरकारी आहे खरं. जंजिऱ्याच्या नवाबाचं ते शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. पण त्याबाहेरची कितीतरी डोंगरी लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. आमचीही थोडी आहे. सामायिक. नावं चौदा, त्यातली अकरा मुंबई-डोंबिवलीला!

मध्यंतरी धाकट्या चुलतभावाचा फोन आला. "अण्णा, ठेकेदार सगळी झाडं उक्ती घेतोय. तुम्ही फक्त सही द्या." त्याला नावं ठेवायला माझं मन धजत नाही. मुलीची फी भरायचीय आणि डोंगर त्याला वर्षाला रुपया देत नाही. सही मी दिलेली नाही, पण मला पेन्शन आहे, त्याला नाही, हेही खरंच.

कायद्यानेही लोकांना बिथरवलंच. १९७५ च्या खाजगी वनांच्या कायद्याने अशी वनं सरकारजमा झाली. तेव्हापासून "रान वाढू दिलं तर जमीन जाते" ही भीती काही जणांच्या मनात बसली ती बसलीच.

संगमेश्वरकडे मात्र वेगळा प्रयोग झाला. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने (अर्चना गोडबोले, जयंत सरनाईक ही मंडळी) जमीनमालकांशी करार केले. ठरलेली वर्षं रान तोडायचं नाही, त्याचा मोबदला घ्यायचा. शिवाय बेहडा! भुताचं झाड म्हणून ज्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याची फळं त्रिफळ्यात जातात. झाड न दुखावता गोळा केलेल्या फळांना 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्र मिळालं आणि पक्का ही इंग्लंडची चहा कंपनी ती घेऊ लागली. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते, नर बाहेरून भरवतो. हाच पक्षी फळं खाऊन बिया दूरवर टाकतो. ऊन वाढतंय, पाऊस एकदम कोसळतोय. अशा वेळी झाडांना चालता येत नाही, पण त्यांच्या बियांना धनेशाच्या पोटातून डोंगर चढता येतो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बागेत पुन्हा रोपं लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. रानात शेजारच्या झाडाचं बी आपणहून पडतं. म्हणून मिश्र रान राखायला पैसे देणं हे मला दान वाटत नाही. कोस्टारिका देश १९९७ पासून इंधनावरच्या करातून जमीनमालकांना असा मोबदला देतोय.

माझं म्हणणं इतकंच, की पैसे एकरकमी नकोत, दरवर्षी द्यावेत. एकरकमी पैसा लग्नात जातो, आणि करार संपला की कुऱ्हाड आहेच. दुसरं म्हणजे, चौदा नावांत वाटणी करताना पंधरावा माणूस विसरू नये. फळं वेचणारा आणि वणवा लागला की पहिला धावणारा कातकरी आमच्या सातबाऱ्यावर नाही. त्याचा वाटा करारातच लिहिलेला असावा, आमच्या मर्जीवर नको.